स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री : आधी वायरचं दुसरं टोक बघा

साखर कारखान्याचं नेटवर्क शक्यतो रिंगमध्ये टाकतात. लातूर-धाराशिव पट्ट्यातला कुठलाही कारखाना डोळ्यासमोर आणा. मुख्य ऑफिस, तिथून काटा, काट्यापासून मिल हाऊस, पुढं बॉयलिंग हाऊस, मग स्टोअर आणि स्टोअरपासून परत ऑफिस. पाच ठिकाणी पाच स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचे डबे, त्यांच्या भोकांना पोर्ट म्हणतात) आणि मधे फायबर. स्टोअर ते ऑफिस हा शेवटचा तुकडा टाकला नसता तरी पाचही ठिकाणं एकमेकांशी बोललीच असती. पण हंगामात आवारात कुठं ना कुठं जेसीबी चालू असतो आणि फायबर तुटली की काट्यावरचा कम्प्युटर सर्व्हरपासून सुटतो. वजन झाल्याशिवाय गाडी गव्हाणीकडं जात नाही. तासाभरात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाट्याला लागते आणि काटा क्लार्कचा फोन येतो : "साहेब, लवकर बघा, ड्रायव्हर लोक केबिनीत शिरायलेत." म्हणून तो जादा तुकडा. एकीकडून तुटलं तर दुसरीकडून चालावं.

भानगड अशी की इथरनेटला रिंग चालत नाही. आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकनं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे स्विच पुढं ढकलतो त्या डेटाच्या गठ्ठ्यावर, असं काहीच नसतं. काट्यावरच्या कम्प्युटरनं "हा आयपी कोणाचा आहे?" असा एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा निरोप, सोडला, की स्विच तो आला ते पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टवर पुढं ढकलतो. रिंगमध्ये तो दोन्ही बाजूंनी निघतो, फिरून परत येतो आणि पुन्हा ढकलला जातो. थांबवणारं कोणी नाही. दर क्षणाला नवे ब्रॉडकास्ट त्यात भर घालतात आणि काही सेकंदांत लिंक भरून जाते. अशा वेळी स्विचसमोर उभं राहिलं तर लगेच कळतं : सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकत असतात. दुरून, टेलनेट किंवा एसएसएचनं, आत शिरता येत नाही, कारण तो मार्गही त्याच गर्दीतून जातो. कन्सोल केबल लावली तर लॉगमध्ये एकच मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा पत्ता) या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतोय, अशा तक्रारींची रांग दिसते.

यावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. तो रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कम्प्युटर कंपनीत काम करताना शोधला. पुढं १९९० मध्ये तो आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आला. स्विचनी आपसात एक मुख्य स्विच निवडायचा, त्याला रूट म्हणायचं. बाकी प्रत्येकानं रूटकडं जाणारा सगळ्यात स्वस्त रस्ता ठरवायचा आणि उरलेले जादा रस्ते बंद ठेवायचे. हे ठरवण्यासाठी बीपीडीयू नावाचे छोटे निरोप दर २ सेकंदांनी फिरत असतात.

बंद ठेवलेलं पोर्ट मेलेलं नसतं. रात्रपाळीला दारं धरणारा माणूस मातीनं दार बुजवतो, पण पलीकडच्या पाटात पाणी चढतंय की उतरतंय यावर त्याचं लक्ष असतंच. ब्लॉक झालेलं पोर्टही तसंच बीपीडीयू ऐकत असतं. ते यायचे थांबले की त्याला कळतं, आता दार उघडायची वेळ आली.

इथपर्यंत सगळं आपोआप होतं. मग पोर्टवर हातानं सेटिंग करायची गरज काय? गरज अशी, की वायरच्या दुसऱ्या टोकाला काय जोडलंय हे स्विचला सुरुवातीला माहीत नसतं. तो प्रत्येक पोर्टकडं सारख्याच संशयानं बघतो. तुम्हाला मात्र माहीत असतं. पोर्टच्या जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज म्हणजे ही माहिती स्विचला सांगणं आहे. म्हणून कुणाच्या तरी जुन्या कॉन्फिगरेशनमधल्या दहा ओळी चोवीसच्या चोवीस पोर्टवर चिकटवण्याची जी पद्धत पडलीय, ती मला अजिबात पटत नाही. रॅकसमोर उभं राहून प्रत्येक वायरला एकच प्रश्न विचारायचा : तुझ्या दुसऱ्या टोकाला काय आहे?

सगळ्यात जास्त पोर्टचं उत्तर साधं असतं : कम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा, वजनाचा इंडिकेटर. म्हणजे एक यंत्र, ज्याच्या पलीकडं नेटवर्क संपतं.

जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्टला वायर लागली की ते १५ सेकंद लिसनिंगमध्ये आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये जातं. तीस सेकंद डेटा पुढं जात नाही. लातूरच्या एखाद्या ऑनलाइन परीक्षा केंद्राची सकाळ आठवा. लाईट येते, जनरेटरवरून मेनवर चेंजओव्हर होतो, लॅबमधले सगळे कम्प्युटर एकदम सुरू होतात. विंडोज वर येऊन डीएचसीपीकडं (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडं) आयपी मागतं, पण पोर्ट अजून उघडलेलंच नसतं. उत्तर येत नाही म्हणून विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. मग पर्यवेक्षक प्रत्येक मशिनपाशी जाऊन केबल काढून परत लावतो, आणखी तीस सेकंद जातात, आणि "नेटवर्क स्लो आहे" असा शेरा पडतो. नेटवर्कच्या वेगाचा याच्याशी काही संबंध नाही.

पोर्टफास्ट ही सेटिंग यासाठीच आहे. हे नाव सिस्कोचं. बाकी कंपन्यांच्या स्विचवर तिला एज पोर्ट किंवा ॲडमिन एज म्हणतात आणि सिस्कोच्या काही नव्या आवृत्त्यांतही 'पोर्टफास्ट एज' असं लिहितात. ती लावली की वायर लागताच पोर्ट थेट फॉरवर्डिंगला जातं. "आम्ही रॅपिड स्पॅनिंग ट्री चालवतो, आम्हाला पोर्टफास्टची काय गरज?" असं बऱ्याच जणांकडून ऐकू येतं. गरज आहे. २००१ साली आलेली रॅपिड पद्धत वेगवान आहे कारण दोन स्विच आपसात प्रस्ताव आणि होकाराची देवाणघेवाण करतात. कम्प्युटर असल्या प्रस्तावाला होकार देत नाही. मग रॅपिडचं पोर्टही जुन्या सवयीनं तीस सेकंद थांबतं.

पोर्टफास्टचा दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. साध्या पोर्टवर लिंक वर-खाली झाली की (रॅपिडमध्ये फक्त वर आली की) स्विच ते टोपोलॉजीतला बदल समजतो आणि सगळ्या नेटवर्कला कळवतो. जुन्या पद्धतीत अशा वेळी मॅक ॲड्रेसची यादी ३०० सेकंदांऐवजी १५ सेकंदांत शिळी ठरते आणि रॅपिडमध्ये ती लगेच पुसली जाते. यादी पुसली की स्विच प्रत्येक फ्रेम सगळीकडं फेकू लागतो. लॅबमधले साठ कम्प्युटर सकाळी एकेक करून सुरू होताना साठ वेळा हा गोंधळ उडावा, यात काही अर्थ नाही. पोर्टफास्टचं पोर्ट वर-खाली झालं तर त्याची कोणी दखल घेत नाही.

सर्व्हरला किंवा वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटला जाणारं पोर्ट ट्रंक असेल, म्हणजे त्यावरून अनेक व्हीलॅन (एकाच वायरवरची वेगवेगळी नेटवर्क) जात असतील, तर साधी पोर्टफास्ट तिथं लागू होत नाही. कमांडच्या शेवटी 'ट्रंक' हा शब्द घालावा लागतो. हीच सेटिंग चुकून दोन स्विचमधल्या ट्रंकवर लागली की क्षणभर का होईना लूप, म्हणजे फ्रेम फिरत राहण्याचा तो फेरा, तयार होऊ शकतो.

आता पोर्टफास्ट म्हणजे आपण स्विचला दिलेला शब्द : इथं कधीच स्विच लागणार नाही. पण टेबलाखाली काय चालतं ते आपल्याला कुठं दिसतं? एका सॉकेटवर तीन मशिन चालवायची म्हणून कुणीतरी बाजारातून आठ पोर्टचा छोटा स्विच आणतो. झाडू मारताना मोकळी लोंबणारी केबल दिसते आणि कुणीतरी नीटनेटकेपणानं ती त्याच स्विचमध्ये खोचून ठेवतो. आयपी फोनचंही तसंच. त्याला मागं दोन भोकं असतात आणि भिंतीवरही दोन सॉकेट असतात. दोन्ही जोडली की फोनमधूनच लूप पूर्ण होतो.

म्हणून पोर्टफास्टच्या जोडीला बीपीडीयू गार्ड लावायचाच. पोर्टवर एक जरी बीपीडीयू आला तरी ते पोर्ट एरर-डिसेबल होऊन बंद पडतं. टेबलाखालच्या त्या स्विचमध्ये लूप झाला तर तुमच्याच स्विचनं सोडलेला बीपीडीयू फिरून त्याच पोर्टवर परत येतो आणि गार्ड तो पकडतो. एक टेबल बंद पडतं, बाकीची इमारत चालू राहते. सिस्कोवर एका ओळीत सगळ्या पोर्टफास्ट पोर्टना हा गार्ड लावता येतो आणि मी तसाच लावतो, म्हणजे एखादं पोर्ट राहून जात नाही.

बंद पडलेलं पोर्ट आपोआप उठत नाही. कोणीतरी आत शिरून शट-नोशट मारावं लागतं, म्हणजे पोर्ट बंद करून परत चालू करावं लागतं. कारखान्यात रात्रपाळीला आयटीचा माणूस नसतो, तेव्हा एरर-डिसेबल रिकव्हरी चालू करून ठेवावी. तिची मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे. पाच मिनिटांनी पोर्ट स्वतःहून उघडतं आणि लूप तसाच असेल तर पुन्हा बंद होतं. परीक्षा केंद्रावर मात्र मी रिकव्हरी लावणार नाही. तिथं माणूस हजर असतो आणि पोर्ट का पडलं हे त्याला त्याच वेळी कळलं पाहिजे.

इथंच एका सापळ्याबद्दल सांगतो. बीपीडीयू फिल्टर नावाची एक सेटिंग गार्डच्या शेजारीच दिसते आणि नावावरून सुरक्षेची वाटते. पोर्टवर ती थेट लावली तर ते पोर्ट बीपीडीयू पाठवत नाही आणि आलेला बघतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंद. गार्डमुळं पोर्ट सारखं पडतं म्हणून फिल्टर लावून 'प्रॉब्लेम सॉल्व्ह' केलेले स्विच बघायला मिळतात. तक्रार थांबते, कारण तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलेलं असतं.

आता दुसऱ्या टोकाला आपलाच स्विच असेल तर. रिंगची गंमत इथं आहे.

पहिला प्रश्न रूटचा. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. सगळ्यांची सारखी असली की ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो रूट होतो आणि जुन्या स्विचचा मॅक बहुतेकदा लहान निघतो. म्हणजे आपण काही केलं नाही तर स्टोअरच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या धुळीत बसलेला सगळ्यात जुना स्विच सगळ्या कारखान्याचा रूट होण्याची शक्यता जास्त. यूपीएसची बॅटरी संपलेली असते आणि लाईट गेली की तो पडतो. त्याच्यासोबत रूट जातो आणि निवडणूक पुन्हा सुरू होते. म्हणून ऑफिसच्या स्विचवर प्रायॉरिटी ४०९६ ठेवायची, राखीव म्हणून दुसऱ्या एका चांगल्या यूपीएसवरच्या स्विचला ८१९२. हा आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो. 'रूट प्रायमरी' ही तयार कमांड वापरली तर एक ध्यानात ठेवा : ती त्या क्षणी हिशोब करून एक आकडा लिहिते आणि संपते. उद्या त्याहून लहान आकड्याचा स्विच आला तर तो खुर्ची घेणारच.

आता पोर्टची कॉस्ट. जुन्या, छोट्या आकड्यांच्या पद्धतीत १०० एमबीच्या लिंकची कॉस्ट १९, १ जीबीची ४ आणि १० जीबीची २. आपल्या रिंगमध्ये सगळीकडं १ जीबी आहे असं धरा. ऑफिस रूट. काट्याची रूटपर्यंतची कॉस्ट ४, स्टोअरची ४, मिलची काट्यावरून ८, बॉयलिंगची स्टोअरवरून ८. मिल आणि बॉयलिंग यांच्यामधली लिंक कोणालाच लागत नाही, तिचं एक टोक ब्लॉक होतं. कोणतं? कॉस्ट दोघांची सारखी, म्हणून ज्याचा ब्रिज आयडी (प्रायॉरिटी आणि मॅक मिळून) लहान त्याचं पोर्ट चालू आणि समोरच्याचं बंद.

आता ऑफिस-काटा फायबरवर कुणीतरी स्टोअरमध्ये पडलेला १०० एमबीचा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावला. काट्याला सरळ रस्ता १९ ला पडू लागला. उलट्या बाजूनं, म्हणजे मिल, बॉयलिंग, स्टोअर असं फिरून गेलं तर चार लिंका गुणिले ४, म्हणजे १६. सोळा कमी. काट्याचा डेटा आता सगळ्या कारखान्याला वळसा घालून ऑफिसात येतो आणि शंभर मीटरवरची सरळ लिंक ब्लॉक होऊन बसते. बघणाऱ्याला वाटतं स्विच बिघडला. हिशोबानं तो बरोबर आहे, त्यानं जाड रस्ता निवडलाय. तुम्हाला तरीही सरळ रस्ताच हवा असेल तर काट्याच्या स्विचवर, ऑफिसकडं तोंड असलेल्या पोर्टची कॉस्ट १० करा. ऑफिसच्या पोर्टवर करून उपयोग नाही. कॉस्ट बीपीडीयू ज्या पोर्टवर येतो तिथं मिळवली जाते, आणि रूट तर स्वतःकडं जाण्याचा रस्ता शोधत नाही.

पोर्ट प्रायॉरिटीचं नेमकं उलटं आहे. दोन स्विचमध्ये दोन समांतर केबल असतील आणि दोन्हींची कॉस्ट सारखी असेल, तर खालचा स्विच वरच्यानं बीपीडीयूत पाठवलेला पोर्टचा आकडा (आधी प्रायॉरिटी, मग पोर्ट नंबर) बघतो आणि लहान आकडा निवडतो. म्हणून ही प्रायॉरिटी वरच्या, रूटकडच्या स्विचवर बदलायची. ती मुळात १२८ असते आणि १६ च्या पटीत बदलते. कॉस्ट खालच्या स्विचवर, प्रायॉरिटी वरच्या स्विचवर. यात भले भले तासभर घालवतात.

मीडिया कन्व्हर्टरचा आणखी एक त्रास आहे. फायबर थेट स्विचच्या एसएफपीत (फायबर लावायच्या मॉड्यूलमध्ये) असेल तर ती तुटताच लिंक पडते आणि स्विचला तत्काळ कळतं. कन्व्हर्टर मधे असेल तर स्विचची तांब्याची केबल कन्व्हर्टरपर्यंत शाबूत असते. दिवा हिरवाच राहतो आणि पलीकडं फायबरचे दोन तुकडे झालेले असतात. स्विचला कळायचा मार्ग एकच, बीपीडीयू येत नाहीत हा. रॅपिडमध्ये तीन निरोप चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की तो हलतो. जुन्या पद्धतीत २० सेकंद वाट बघणं आणि वर ती तीस सेकंदं, असे पन्नास. काही कन्व्हर्टरमध्ये एका बाजूची लिंक पडली की दुसरीही पाडण्याचं बटण असतं. ते चालू आहे ना ते बघा.

फायबरची एकच तार तुटली तर आणखी वाईट. ब्लॉक पोर्टला बीपीडीयू येणं थांबतं, त्याला वाटतं पलीकडं कोणी उरलं नाही, ते उघडतं आणि उरलेल्या एका तारेतून लूप सुरू होतो. स्विचा-स्विचांमधल्या पोर्टवर लूप गार्ड यासाठी लावतात. बीपीडीयू अचानक थांबले तर पोर्ट उघडण्याऐवजी बंदच राहतं आणि पुन्हा येऊ लागले की आपोआप पूर्ववत होतं.

या पोर्टवर डुप्लेक्सही तपासा. हाफ डुप्लेक्समध्ये (एका वेळी एकाच दिशेनं बोलण्यात) अडकलेल्या लिंकला रॅपिड पद्धत शेअर्ड, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेली, समजते आणि तिच्यावर ती प्रस्ताव-होकाराची देवाणघेवाण करत नाही. मग नाव रॅपिड आणि चाल बैलगाडीची.

रिंग वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. मूळ टायमर धरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच नसावेत, अशी शिफारस आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं आणि काही दिवस तिथल्या डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. तिथं नेटवर्क तुकड्या-तुकड्यांनी वाढत वाढत ही मर्यादा ओलांडून गेलेलं होतं. आपल्याकडं डिस्टिलरी झाली, मग को-जनरेशन, मग नवं गेस्ट हाऊस, असे स्विच त्याच रिंगला चिकटत जातात. सहावा-सातवा जोडायच्या आधी कागदावर रिंग काढून बघावी.

राहिलं तिसरं उत्तर : पलीकडं स्विच आहे, पण आपला नाही. सीसीटीव्हीवाल्यानं आणलेला, इंटरनेट पुरवणाऱ्याचा, किंवा शेजारच्या बँकेच्या एक्स्टेंशन काउंटरचा. तिथं बीपीडीयू गार्ड लावला आणि समोरचा स्विच स्पॅनिंग ट्री चालवत असला, तर पहिल्याच बीपीडीयूला पोर्ट पडेल आणि सुरक्षा ऑफिसमधून फोन येईल. अशा पोर्टवर रूट गार्ड. तो समोरच्याला बोलू देतो. फक्त "मी रूट आहे" असं म्हणणारा वरचढ बीपीडीयू आला तर पोर्ट अडवून धरतो आणि ते येणं थांबलं की सोडतो. रिंगच्या आतल्या पोर्टवर मात्र रूट गार्ड लावू नका. ऑफिसचा स्विच पडला तर राखीव रूटला त्याच मार्गानं पुढं यायचं असतं. रूट गार्ड आणि लूप गार्ड एका पोर्टवर एकत्र नांदतही नाहीत.

आणि काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, पुढं जाऊ देत नाहीत. तिथं लूप झाला तर स्पॅनिंग ट्रीला पत्ताच लागत नाही. अशा जागी स्टॉर्म कंट्रोल, म्हणजे ब्रॉडकास्ट ठराविक टक्क्यांपलीकडं गेला की रोखणारी सेटिंग, हाच आधार. काही कंपन्यांच्या स्विचवर लूप प्रोटेक्ट नावाची वेगळी सोय असते. आणि स्पॅनिंग ट्री मुळातच बंद ठेवून येणारे स्विचही आहेत, तेव्हा नवा डबा उघडला की ती चालू आहे का हे आधी बघायचं.

बघायचं कसं? सिस्कोवर 'शो स्पॅनिंग-ट्री'. वरच्या भागात रूटचा आयडी असतो. व्हीलॅन १ ला प्रायॉरिटी ३२७६९ दिसली तर दचकू नका, ३२७६८ मध्ये व्हीलॅनचा नंबर मिळवलेला असतो. तुम्ही ४०९६ ठेवलेली असूनही रूटपाशी ३२७६९ दिसत असेल, तर मात्र रूट भलताच आहे. खाली प्रत्येक पोर्टची ओळ : त्याचं काम रूट (रूटकडं जाणारं), डेझिग्नेटेड (रूटकडून पुढं नेणारं) की अल्टरनेट (राखीव), तो फॉरवर्ड करतोय की ब्लॉक, कॉस्ट किती, १२८.२४ असा प्रायॉरिटी आणि पोर्ट नंबर, आणि शेवटी पी-टू-पी, म्हणजे शेअर्ड नसलेली लिंक. पोर्टफास्ट लागलेली असेल तर तिथंच 'एज' हा शब्द दिसतो. कम्प्युटरच्या पोर्टवर 'एज' नसेल किंवा रिंगच्या पोर्टवर असेल, तर तेवढं दुरुस्त करायचं.

हे सगळं बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी करून घ्यावं, कारण एकदा गाळप सुरू झालं की केबलीला हात लावू देत नाहीत. पाचही स्विचवर कोणतं पोर्ट ब्लॉक आहे ते कागदावर लिहा. काट्यावरच्या कम्प्युटरवरून सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवा आणि ऑफिस-काटा फायबर ऑफिसच्या टोकाला काढा. किती सेकंद पिंगला उत्तर येत नाही ते मोजा. एसएफपीत थेट फायबर असेल तर एखादं सेकंद, कन्व्हर्टर असेल तर सहा-सात. पंचवीस-तीस किंवा जास्त सेकंद जात असतील तर कुठंतरी रॅपिड चालू नाही, किंवा एखादी लिंक शेअर्ड झालीय. मग फायबर परत लावा आणि कागदावर लिहिलेलं तेच पोर्ट पुन्हा ब्लॉक झालं का ते बघा. दुसरंच झालं असेल, तर मधल्या वेळात काहीतरी बदललंय : पाचांपैकी एखाद्या स्विचवरची कॉस्ट किंवा प्रायॉरिटी, नाहीतर एखाद्या लिंकचा वेग. ते शोधण्यासाठी प्रत्येक स्विचचं चालू कॉन्फिगरेशन उतरवून घ्या.